बँजो कोणाचा? : एका वाद्याचा सामाजिक इतिहास

'बेंजो' हा शब्द आपल्या वस्त्यांना नवा नाही. चौदा एप्रिलची मिरवणूक असो, लग्नाची वरात असो की गणपती असोत, कर्णे बांधलेल्या गाडीवरून जी 'बेंजो पार्टी' वाजत जाते, तिच्यातले मुख्य वाद्य आपण बेंजो म्हणून ओळखतो. वास्तविक ते कळा दाबून वाजवायचे बुलबुलतरंग आहे आणि त्याचे मूळ 1912 साली जपानमधील नागोया शहरात तयार झालेल्या 'ताईशोगोतो' या वाद्यात आहे. त्याने ज्या वाद्याचे नाव घेतले तो मूळ बँजो आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. मीही पाहिला नव्हता. गेल्या हिवाळ्यात वसतिगृहातला माझा एक जुना मित्र अमेरिकेहून रजेवर आला, तेव्हा एका काळ्या पेटीतून त्याने तो आणला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातला, मोडक्या अवस्थेत विकत घेतलेला आणि तिथल्या एका कारागिराकडून दुरुस्त करून घेतलेला. या वाद्याच्या निमित्ताने जो इतिहास मी वाचत गेलो, तो आपल्या एका जुन्या, न सुटलेल्या प्रश्नाशी येऊन भिडतो. म्हणून हा लेख.

प्रथम वाद्याविषयी. सुमारे अकरा इंच व्यासाचे एक लाकडी कडे, त्यावर ताणलेले वासराचे कातडे, आणि कड्यातून आरपार गेलेली एक लांब दांडी, एवढाच त्याचा मूळ सांगाडा. कातड्यावर धातूची एक कडी बसते आणि भोवतालच्या दोन डझनांहून अधिक आकड्यांनी ती खाली ओढली जाते. आकड्यांची चाके फिरवावीत तसे कातडे ताणत जाते. पाठीमागे काहीही नसते. वाद्य उलटे केले की कातड्याची आतली बाजू उघडी दिसते. पुढे, विसाव्या शतकात, बँजोच्या पाठीवर लाकडी ताटलीसारखे झाकण बसवू लागले, त्यामुळे आवाज आपटून पुढे फेकला जातो. या जुन्या, उघड्या पाठीच्या बँजोचा निम्मा आवाज वाजवणाऱ्याच्या पोटातच जिरतो.

कारागिराने नवे कातडे पाण्यात भिजवून मऊ केले, कड्यावर ओढून बसवले, सावलीत पूर्ण वाळू दिले आणि मग रोज थोडे थोडे ताणत नेले. घाई केली असती तर ते फाटले असते. जुन्या हलक्या दांडीला पोलादी तारांचा ओढ सोसत नाही, म्हणून त्याने आतड्याच्या तारेसारख्या वागणाऱ्या नायलॉनच्या तारा लावल्या. घोडी चिकटवलेली नसते. तिचे तीन पाय नुसते कातड्यावर उभे असतात आणि तारांच्या दाबाने जागेवर राहतात. ती केसभर सरकली तरी सूर बिघडतो.

तारा पाच. त्यांतली पाचवी आखूड. तिची खुंटी इतर खुंट्यांच्या रांगेत नसून दांडीच्या मध्यावर, कडेला असते. ही तार बोटाने दाबायची नसते. तिचा एकच उंच सूर अंगठा पुन्हा पुन्हा छेडत राहतो. आपले तुणतुणे ज्याने ऐकले आहे त्याला या तारेचे काम समजावून सांगावे लागणार नाही. वाजवण्याची जुनी रीत अशी : हात पंजासारखा आखडून घ्यायचा, तर्जनीच्या नखाने तारेवर वरून खाली आघात करायचा, दुसऱ्या आघाताला सगळ्या तारा एकदम घासायच्या आणि लगेच अंगठ्याने आखडी तार उचलायची. गिटारप्रमाणे बोटांनी तार वर ओढणे यात नाही. मारणे आहे. त्यामुळे बँजो एकाच वेळी तंतुवाद्य आणि चर्मवाद्य असल्यासारखा ऐकू येतो. सूर लांबत नाही. टपकन पडतो आणि विझतो. लगेच दुसरा पडतो.

मित्राने आमच्या अंगणात संध्याकाळी तो वाजवला. दव पडू लागले तसे कातडे सैल पडले आणि सूर उतरू लागला. तो किल्ली घेऊन आकडे आवळू लागला, तेव्हा माझी आई घरातून म्हणाली, "शेकव की जरा." हलगी शेकवतात हे तिला माहीत होते. तिचे सासरे, म्हणजे माझे आजोबा, हलगी वाजवीत. त्यांच्याविषयी पुढे येईलच.

आता प्रश्न असा की हे वाद्य आले कोठून? अमेरिकेच्या लोकप्रिय कल्पनेत बँजो म्हणजे डोंगराळ भागातल्या गोऱ्या शेतकऱ्याचे वाद्य. चित्रपटांनी आणि ध्वनिमुद्रिकांनी ही प्रतिमा जगभर नेली. प्रत्यक्षात तो पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी घडवला. सेनेगल, गांबिया आणि गिनी-बिसाउ या भागात राहणाऱ्या जोला लोकांचे 'आकोंटिंग' नावाचे वाद्य आजही वाजते. भोपळ्यावर बकरीचे कातडे, आरपार दांडी, तीन तारा, त्यांतली एक आखूड आणि अंगठ्याने छेडायची. नखाचा आघात वरून खाली. गांबियाचे लायेमुआहुमा डॅनियल जाट्टा यांनी हे साम्य विसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासकांसमोर ठेवले. जाट्टा स्वतः जोला. त्यांचे वडील आकोंटिंग वाजवीत. आफ्रिकेत अशी कित्येक वाद्ये होती, त्यामुळे एकच एक पूर्वज दाखवता येत नाही. परंतु कुळाविषयी शंका राहत नाही.

गुलामांच्या जहाजावर वाद्य बरोबर घेऊन कोण येणार? हातांत बेड्या होत्या. आली ती फक्त हातांतली आठवण. कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत या माणसांनी मिळेल त्या भोपळ्यातून आणि कातड्यातून ते वाद्य पुन्हा उभे केले, त्याला चपटी दांडी आणि पिळायच्या खुंट्या दिल्या. हान्स स्लोन हा वैद्य 1687 साली जमैकात पोहोचला. गुलामांची अशी वाद्ये त्याने पाहिली आणि 1707 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्यांचे चित्र दिले. म्हणजे संयुक्त संस्थाने जन्मण्याच्या बरेच आधी बँजोचा पूर्वज त्या मुलखात वाजत होता.

ढोलाचे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. 1739 साली दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केले आणि ते ढोल वाजवीत निघाले. बंड चिरडले गेले. 1740 च्या कायद्याने ढोल, शिंगे आणि लांबवर आवाज नेणारी वाद्ये गुलामांना वापरता येऊ नयेत असा बंदोबस्त केला. ढोल लोकांना एकत्र बोलावतो, हे मालकांना कळले होते. बँजोचा आवाज झोपडीच्या अंगणापलीकडे फारसा जात नसे, तो टिकला.

टॉमस जेफरसनने व्हर्जिनियावरील आपल्या पुस्तकात, ज्याची पहिली छपाई 1785 सालची आहे, हे वाद्य काळ्यांनी आफ्रिकेतून आणले असे नोंदवले आहे. त्याच प्रकरणात काळी माणसे बुद्धीने कमी असल्याचा संशयही तो मांडतो. आयुष्यभरात 600 हून अधिक गुलाम बाळगणाऱ्या माणसाला काळ्यांचा कान तयार असल्याचे मान्य करायला अडचण नव्हती. कान आणि हात मान्य करायचा, बुद्धी आणि हक्क नाकारायचा. ही विभागणी आपल्याला चांगली परिचित आहे.

याच सुमाराचे, म्हणजे 1785 ते 1790 या काळातले, दक्षिण कॅरोलिनातले एक जलरंगचित्र आहे. 'द ओल्ड प्लँटेशन' या नावाने ते ओळखले जाते. गुलामांच्या झोपड्यांसमोर माणसे नाचत आहेत आणि एकजण भोपळ्याचा बँजो वाजवीत आहे. त्या बँजोला चार तारा आहेत आणि त्यांतली एक आखूड आहे. तिची खुंटी दांडीच्या कडेला स्पष्ट दिसते. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण पुढे याच आखूड तारेचे श्रेय एका गोऱ्या माणसाला देण्यात आले.

त्याचे नाव जोएल वॉकर स्वीनी. जन्म 1810, व्हर्जिनिया. आसपासच्या काळ्यांकडून तो बँजो शिकला आणि 1830 च्या दशकात रंगमंचावर वाजवू लागला. पुढे कित्येक वर्षे पुस्तकांतून सांगितले गेले की आखूड तार त्यानेच जोडली. त्याच्या जन्माच्या वीस वर्षे आधीच्या चित्रात ती तार आहे! स्वीनीने भर घातलीच असेल तर खालच्या एका लांब तारेची. पण काळ्यांनी केलेली वस्तू 'अनघड' आणि गोऱ्याचा हात लागला की ती 'परिपूर्ण', ही कथा सांगणाऱ्यांना पुराव्याची गरज भासली नाही.

1843 साली न्यूयॉर्कमध्ये 'व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स' नावाचा चार गोऱ्यांचा ताफा उभा राहिला. जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासायची, ओठ मोठे रंगवायचे, फाटके कपडे घालायचे आणि काळ्यांच्या बोलीची, चालण्याची, नाचाची टवाळी करायची, असा हा खेळ. हातात बँजो. हा प्रकार त्या शतकातल्या अमेरिकेची सर्वांत लोकप्रिय करमणूक ठरला. त्याआधीच, 1830 च्या सुमारास, टॉमस राइस या गोऱ्या नटाने काळ्या माणसाचे असेच एक विदूषकी सोंग आणले होते. त्याचे नाव 'जिम क्रो'. पुढे काळ्यांना वेगळा डबा, वेगळी शाळा, वेगळा पाणवठा ठरवून देणाऱ्या कायद्यांना हेच नाव पडले. रंगमंचावरची टवाळी आणि कायद्यातली अस्पृश्यता एकाच नावाने ओळखली जावी, याहून स्पष्ट दाखला कोणता हवा?

मागणी वाढली तसा धंदा आला. बाल्टिमोर शहरातला ढोल बनवणारा विल्यम बाउचर 1840 च्या दशकात बँजो बनवून विकू लागला. भोपळा गेला, वाकवलेल्या लाकडाचे कडे आले. ढोलाचे आकडे बँजोला बसले. त्याचे बँजो आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहेत. याच बाल्टिमोरमध्ये फ्रेडरिक डग्लस गुलाम म्हणून गोदीत राबत होता आणि 1838 साली तिथूनच निसटून स्वतंत्र झाला. 1848 साली, आपल्या 'नॉर्थ स्टार' या पत्रात, डग्लसने तोंडाला काजळी फासणाऱ्या या मंडळींवर कठोर प्रहार केला : निसर्गाने ज्यांना नाकारला तो आमचा रंग चोरून, आपल्याच गोऱ्या बांधवांच्या विकृत आवडीला खाद्य पुरवून हे पैसा करतात, असा त्याचा आरोप होता. चोरी झाली ती वाद्याची आणि माणसाच्या प्रतिमेचीही.

यादवी युद्धानंतर, 1870 आणि 1880 च्या दशकांत, बँजोला 'सभ्य' करण्याची मोहीम सुरू झाली. फिलाडेल्फिया आणि बोस्टन येथे कारखाने निघाले. दांडीवर पडदे बसले, कड्यावर चकचकीत धातू चढला, दांडीच्या शेंड्यावर शिंपल्याची नक्षी आली. नखाच्या आघाताऐवजी गिटारसारखी बोटांची रीत शिकवली जाऊ लागली. गोऱ्या मध्यमवर्गीय घरांतल्या मुली दिवाणखान्यात बसून स्वरलिपीवरून बँजो वाजवू लागल्या. माझ्या मित्राचा बँजो याच काळातला. तो हातात घेतला तेव्हा त्याच्या नक्षीचे मला कौतुक वाटले. इतिहास वाचल्यावर लक्षात आले की ती नक्षी एक प्रकारचे शुद्धीकरणही होते. पण कातडे राहिले, आखूड तार राहिली. या दोन गोष्टी काढल्या असत्या तर तो बँजोच उरला नसता.

या साऱ्या काळात काळे लोक बँजो वाजवीतच होते. 1893 साली हेन्री ओसावा टॅनर या काळ्या चित्रकाराने 'द बँजो लेसन' हे चित्र काढले. गरीब घरात एक म्हातारा मांडीशी उभ्या असलेल्या लहान मुलाला बँजो शिकवीत आहे. दोघांच्याही चेहऱ्यावर विदूषकी हसू नाही; दोघे कामात गढलेले आहेत. टॅनरची आई गुलामगिरीत जन्मलेली होती. पन्नास वर्षांच्या काजळीला या चित्राने उत्तर दिले, आणि तेही शिकवण्याचे दृश्य दाखवून.

तरीही विसाव्या शतकात काळ्यांच्या हातून बँजो हळूहळू सुटला. कारणे अनेक आहेत. दक्षिणेतून उत्तरेकडच्या शहरांत स्थलांतर झाले, गिटार स्वस्त झाली, ब्लूज आणि जॅझ पुढे आले. 1920 च्या दशकात ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी काळ्यांसाठी वेगळी आणि गोऱ्या ग्रामीणांसाठी वेगळी यादी केली. बँजो आणि फिडल गोऱ्यांच्या यादीत गेले आणि ते वाजवणारे काळे कलावंत बाजाराला दिसेनासे झाले. पण एक कारण मनातले होते. ज्या वाद्याच्या नावाने ऐंशी वर्षे आपली टवाळी झाली, ते हातात घेण्याची शिकल्यासवरल्या काळ्या तरुणाला लाज वाटली. ही लाज त्याची नव्हती. ती त्याला दिली गेली होती.

2005 साली उत्तर कॅरोलिनातल्या बून गावी बँजो वाजवणाऱ्या काळ्या कलावंतांचे आणि अभ्यासकांचे संमेलन भरले. तिथे भेटलेल्या तिघा तरुणांनी, म्हणजे रिआनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन यांनी, जो टॉम्सन या वृद्ध काळ्या फिडलवादकाच्या घरी जाऊन जुन्या चाली शिकून घेतल्या. टॉम्सन 1918 साली जन्मला, 2012 साली वारला. म्हणजे ही साखळी तुटायला फार अवधी उरला नव्हता. या तिघांच्या 'कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स' या ताफ्याला 2011 साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. गिडन्स आज 1858 सालच्या बँजोबरहुकूम बनवलेले बिनपडद्याचे वाद्य वाजवते आणि प्रत्येक मंचावर त्याचा इतिहास सांगते. गुलाम केलेल्या उमर इब्न सईद या विद्वानाच्या जीवनावर मायकेल एबल्ससह तिने रचलेल्या ऑपेराला 2023 साली पुलित्झर मिळाले. वाद्य परत घेताना तिने आधी इतिहास परत घेतला, हे मला महत्त्वाचे वाटते.

काळ्यांच्या लढ्याकडे पाहण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. बाबासाहेबांनी 1946 साली डू बॉइस यांना पत्र लिहिले. 1972 साली आपल्या तरुणांनी 'पँथर' हे नाव घेतले. गुलामगिरी आणि जातिव्यवस्था एक नव्हेत, हे मी विसरत नाही. पण माणसाकडून काम घ्यायचे, कामाचा विटाळ मानायचा आणि कामातली कला मात्र उचलायची, ही रीत दोन्हीकडे आढळते.

माझे आजोबा गावात हलगी वाजवीत. लग्नात, पोळ्याला, जत्रेत. बोलावणे आले की जायचे. वाजवणारा मांडवाबाहेर उभा, जेवण सर्वांत शेवटी. 1956 नंतर आमच्या वस्तीने धम्म स्वीकारला आणि गावकीची कामे सोडली. आजोबांनी खुंटीवरची हलगी उतरवली ती पुन्हा हातात घेतली नाही. वडिलांना शिकवली नाही. त्याची शिक्षा म्हणून वस्तीला काय सोसावे लागले ते इथे सांगत नाही. ते प्रत्येक गावात घडले आहे. आजोबांनी केले ते योग्यच केले, असे मी आजही मानतो. ज्या हलगीला 'नाही' म्हणता येत नव्हते, ती कला नव्हती, वेठ होती.

पण दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, युवक महोत्सवात लोककलेच्या पथकात मला हलगी धरायला सांगितलंय. बाकीचे नाचणार आहेत. मी वाजवू का नको?" तेव्हा मला उत्तर देता आले नाही. पथकातल्या इतर कोणालाही हलगी का दिली नाही, हे त्याला कळत होते आणि मलाही.

आज मी त्याला एवढे सांगेन. तुझ्यापुढे दोनच वाटा नाहीत. 1930 च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या जलसाकारांनी ढोलकी आणि तुणतुणे फेकून दिले नव्हते. तमाशातली गण-गौळण टाकून त्याच वाद्यांवर त्यांनी बाबासाहेबांचा विचार गावोगावी नेला. वेठ सोडायची आणि विद्या ठेवायची, हा मार्ग काळ्या अमेरिकेने 2005 साली शोधण्याच्या कितीतरी आधी आपल्या माणसांनी दाखवला होता. तेव्हा हलगी घ्यायची असेल तर घे. पण कोणत्या हुकमावरून घेतोस ते आधी ठरव. मंचावर गेलास तर ती कोणी घडवली, तिचे कातडे कोणी कमावले, ती वाजवणारा मांडवाबाहेर का उभा राहत असे, हे सांगूनच वाजव. सांगू देत नसतील तर वाजवू नकोस.

आणि आपण शिक्षकांनी, कार्यकर्त्यांनी काय करायचे? हलगीचे ठोके, त्यांची नावे, शेकवण्याची रीत जाणणारी माणसे अजून काही वस्त्यांत आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन बसावे लागेल. आपण ते केले नाही तर उद्या कोणीतरी स्वीनीसारखा तिचा 'जनक' म्हणून पुस्तकात बसेल आणि आपल्याकडे दाखवायला एखादे चित्रही नसेल. माझ्या आजोबांना मी एकही ठोका विचारला नाही. ते गेले. आईला मात्र शेकवायचे अजून आठवते. तिच्यापासून मी सुरुवात केली आहे.